लेकराची अ‍ॅलर्जी: मोठ्या डॉक्टरकडं जाऊन नेमकं मागायचं काय? (कोल्हापूर-सांगली पट्ट्यातल्यांनी लिहा)

रंकाळावेस_वाली | ३ ऑगस्ट, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, वर्षभर नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितो. थोरला साडेचार वर्षांचा, धाकटी साडेपाच महिन्यांची.

मागच्या रविवारी फुलेवाडीत नणंदेच्या घराची वास्तुशांती होती. पोरानं काकडीची कोशिंबीर खाल्ली, दोन घास, फार तर तीन. कोशिंबिरीत शेंगदाण्याचं कूट. पाच मिनिटांत ओठ सुजले, कानामागं आणि पोटावर गांध्या उठल्या, मग भडाभडा ओकला आणि आवाज असा घोगरा झाला की मला वाटलं घास अडकला म्हणून मी पाठीत थापट्या मारत बसलो. नणंदेच्या दिरानं गाडी काढली. हॉस्पिटलात (नाव लिहीत नाही) दोन इंजेक्शनं दिली, तासाभरात उतरलं, आणि घरी सोडताना कागदावर लिहून दिलं, "शेंगदाणे टाळा".

झालं. दोन शब्द.

आता कोल्हापुरात शेंगदाणे टाळा म्हणजे काय ओ? कोशिंबीर गेली, शेंगांची चटणी गेली, भडंग गेलं, भरली वांगी, शाबूची खिचडी, चिक्की, लाडू, झुणक्यावर भुरभुरतात ते पण. वर यंदा पौष्टिक म्हणून घाण्याचं शेंगतेल सुरू केलेलं, तेव्हापासनं त्याच्या तोंडाभोवती लाल होत होतं, ते आत्ता ध्यानात येतंय. आधी चिक्की दिली की तोंड वाकडं करून थुकायचा, आम्ही म्हणायचो नखरे.

२२ तारखेचा पुण्यातल्या मुलांच्या अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांकडं नंबर मिळालाय. जे आधी जाऊन आलेत त्यांनी सांगा, तुम्हाला तिथं काय मिळालं, काय नाही मिळालं, आणि काय मिळायला पाहिजे होतं. मला सध्या एवढंच कळतंय की मला कुणीतरी समोर बसून पंधरा मिनिटं सांगायला पाहिजे.

---

कूट_नको_पण_कौतुक_हवं | ४ ऑगस्ट, सकाळी ७:१०

आधी एक विचारतो, तुम्ही बाबा की आई? "नणंद" म्हणता आणि "लिहितो" म्हणता.

---

रंकाळावेस_वाली | ४ ऑगस्ट, सकाळी ७:३१

आईच. कोल्हापूरची बाई "करतो, जातो"च म्हणणार. पुण्यात जाऊन बदलणार नाही 😄

---

गंगावेस_धारोष्ण | ४ ऑगस्ट, सकाळी ९:०५

ताई, आमचं दुधाचं. लेक तीन महिन्यांची असताना शीमध्ये रक्त दिसायला लागलं, वरचं काही नाही, फक्त अंगावर पीत होती. तीन डॉक्टर झाले. एकानं जंत म्हणून औषध दिलं (तीन महिन्यांच्या बाळाला!). शेवटी मिरजेत एका मॅडमनी सांगितलं की दुधातल्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे, तुम्ही स्वतः दूध-दही-तूप-ताक बंद करा, तुमच्या दुधातनं तिला जातंय. दोन आठवड्यांत रक्त थांबलं.

पण आमचं घर कुठं, तर गंगावेशीत. रात्री कट्ट्यावर म्हशी उभ्या असतात, समोर पिळून ग्लासात धारोष्ण देतात, सासरे रोज एक ग्लास. त्या घरात सुनेनं दूध सोडलं म्हटल्यावर काय झालं असेल बघा. जो येईल तो "शेळीचं द्या, शेळीचं हलकं असतं". मी देणारच होते. मॅडम म्हणाल्या, शेळीचं, म्हशीचं, गाईचं, प्रोटीन जवळपास सारखंच, ज्याला गाईचं सोसत नाही त्यातल्या बहुतेकांना शेळीचंही सोसत नाही. ही एक गोष्ट त्यांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितली, मला नाही, सासूबाईंना. त्या दिवसापासून घरातली कटकट बंद.

तर माझी मागणी ही. डॉक्टरनी आईला सांगून उपयोग नाही, घरात ज्याचं चालतं त्याला सांगा. आणि "बंद करा" म्हटलं की पुढं "कधी सुरू करायचं" तेही त्याच कागदावर लिहा. मला ते सांगितलंच नव्हतं, मी दीड वर्ष घाबरून काहीच दिलं नाही. नंतर कळलं की आधी बिस्किटात भाजलेलं थोडं दूध, मग हळूहळू पुढं, असं पायरीपायरीनं द्यायचं असतं. आता पोरगी दही-भात खाते.

---

जुना_खेळाडू_शिवाजीपेठ | ४ ऑगस्ट, सकाळी ११:२०

राग मानू नका पण आमच्या वेळी असलं काही नव्हतं. मातीत खेळलो, तालमीत घुमलो, शेंगा खाऊन वर तांब्याभर पाणी. आता पोरं कापसात ठेवायची आणि मग अ‍ॅलर्जी म्हणायचं. एक-एक दाणा रोज द्या, सवय होते.

---

यंत्रमाग_बाबा | ४ ऑगस्ट, सकाळी ११:५८

काका, ते "एक-एक दाणा" घरी करू नका म्हणून सांगा, कुणी वाचून करेल. ज्या पोराचा आवाज बसला त्याला एक दाणा म्हणजे खेळ नव्हे.

आणि आमच्या वेळी नव्हतं असं नाही. माझा चुलत भाऊ "दम्याचा" म्हणून शाळेत पळायला नव्हता कधी, आठवीत असतानाच वारला तो, रात्री दम लागून. तेव्हा त्याला कुणी अ‍ॅलर्जी म्हटलं नाही एवढंच.

आमचं सांगतो, इचलकरंजीचे आम्ही. पोराला बाळदमा. घरामागं माग, कापसाची धूळ, नोव्हेंबरपासनं उसाचा पाला पेटवतात तो धूर, गुऱ्हाळ सुरू झालं की आणखी. चार वर्षं आम्ही काय केलं तर दम लागला की दवाखाना, वाफ द्यायची, सिरप, घरी. पुन्हा पंधरा दिवसांनी तेच. पंप द्या म्हटलं की घरात "पंपाची सवय लागते". सवय लागत नाही हे मला कुणी सांगितलं माहितीय का, औषध कंपनीच्या पोस्टरनं.

मग एक डॉक्टर भेटले त्यांनी पोराला म्हटलं, पंप कसा घेतोस ते करून दाखव. त्यानं स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) न लावता तोंडात धरून फुस्स केलं, सगळं औषध जिभेवर. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी बघितलं! स्पेसर लावून, मास्क घट्ट बसवून, सावकाश पाच-सहा श्वास, मग चूळ. एवढ्यानं अर्धं काम झालं. नवीन औषध काही दिलं नाही.

मला एवढंच पाहिजे. दर वेळी नवीन चिठ्ठी नको, जुनं नीट चाललंय का ते बघा. आणि दर वेळी तोच डॉक्टर भेटू दे, मला पहिल्यापासनं रामायण सांगायला लावू नका.

---

बावड्याची_चिमणी | ४ ऑगस्ट, दुपारी ३:१५

माझी कथा उलटी आहे, जास्तीच्या टेस्टची. मुलाला सारखी सर्दी आणि अंगाला खाज, तर कुणीतरी सुचवलं रक्ताचा अ‍ॅलर्जी पॅनल करा. घरी येऊन रक्त घेऊन गेले, चार दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्ट, लाल-पिवळ्या रंगात. गहू लाल, तूरडाळ लाल, वांगं लाल, केळं, तीळ, अंडं, कोळंबी (आम्ही माळकरी, कोळंबी बघितलीही नाही त्यानं). सोबत टाळायच्या पदार्थांची यादी. मी शहाण्यासारखं सगळं बंद केलं. आठ महिने ते पोर तांदूळ, मूग आणि दुधीवर. वजन दोन किलो उतरलं. बारशाला, मुंजीला डबा घेऊन जायचे मी.

पुढं एका अ‍ॅलर्जीच्या डॉक्टरांनी तो रिपोर्ट उलटा ठेवला टेबलावर आणि विचारलं, "गहू खाल्ल्यावर याला काय झालं होतं?" मी म्हटलं काहीच नाही. "तूरडाळीनं?" काहीच नाही. म्हणाले मग बंद का केलं? मी तिथं रडलेच. त्यांनी सांगितलं की रक्तात अँटीबॉडी दिसली म्हणजे शरीरानं त्या पदार्थाची नोंद घेतली, पण खाल्ल्यावर त्रास झाल्याशिवाय त्याला अ‍ॅलर्जी म्हणत नाहीत. आधी हकिगत, मग त्या हकिगतीला लागेल तेवढीच टेस्ट.

खाज कशाची निघाली तर कोरड्या कातडीची, एक्झिमा. अंघोळीनंतर तीन मिनिटांत मलम थापायचं, बस.

तर ताई, पुण्याच्या डॉक्टरांना "काय खाऊ नये" याच्या आधी "काय खाऊ शकतो" ते विचारा. ती यादी कुणी देत नाही.

---

गडहिंग्लजचा_बालडॉक्टर | ४ ऑगस्ट, रात्री १०:४०

दिवसभर ओपीडी होती, आता वाचलं. मी स्पेशालिस्ट नाही, तालुक्याचा साधा बालरोगतज्ज्ञ, सकाळी साठ-सत्तर पेशंट. तुम्ही सगळे जे मागताय ते रास्त आहे आणि त्यातलं बरंचसं माझ्याकडनं होत नाही हे कबूल करतो. पाच मिनिटांत अ‍ॅलर्जी समजावता येत नाही.

रंकाळावेस ताई, काही गोष्टी.

एक, तुमच्या पोराला झालं ते साधं पित्त नव्हतं. गांध्या, उलटी आणि आवाज बसणं एकत्र आलं की त्याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात (जिवावर बेतू शकणारी अ‍ॅलर्जी) आणि त्याचं पहिलं औषध अ‍ॅड्रेनॅलिन, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. खाज उतरवायचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड हे नंतरचे, त्यांनी श्वासनलिका लगेच उघडत नाही. फाईलवर काय दिलं ते बघा, आणि झाल्या प्रकाराची तारीख, वेळ, काय खाल्लं, किती मिनिटांत काय झालं हे आजच लिहून काढा, महिन्यानं आठवत नाही. गांध्यांचा फोटो असेल तर ठेवा.

दोन, त्वचेवरची टेस्ट करणार असतील तर आधी साधारण आठवडाभर सर्दी-खाजेचं कुठलंच सिरप नको, नाहीतर टेस्ट खोटी येते. नेमके किती दिवस ते त्यांनाच फोन करून विचारा.

तीन, परदेशात अ‍ॅड्रेनॅलिनचं पेनासारखं इंजेक्शन मिळतं, झाकण काढायचं नि दाबायचं. आपल्याकडं ते सहजासहजी मिळत नाही. त्यामुळं अँप्युल (औषधाची काचेची बारीक कुपी) आणि सिरिंज घरी ठेवायची का, आणि वजनानुसार किती भरायचं, हे त्यांच्याकडनं लिहून घ्या आणि हातानं करून दाखवायला सांगा. इन्शुलिनची सिरिंज मुळीच नको, तिच्यावरच्या खुणा वेगळ्या आणि सुई आखूड.

चार, रक्तातली आयजीजी नावाची अँटीबॉडी मोजणाऱ्या फूड टेस्ट कुणी सुचवल्या तर पैसे वाचवा. त्या अ‍ॅलर्जी सांगत नाहीत. (बावड्याच्या ताईंची आयजीई या दुसऱ्या अँटीबॉडीची असणार, तीही हकिगतीशिवाय वाचली की असं होतं.)

---

यंत्रमाग_बाबा | ४ ऑगस्ट, रात्री ११:०२

डॉक्टर तुम्ही एवढं इथं टाईप केलंत, ओपीडीत एवढं बोलला असता तर बाहेर लाईन गडहिंग्लज एसटी स्टँडपर्यंत गेली असती 🙏

---

शाळेतला_माणूस | ५ ऑगस्ट, दुपारी १:३०

मी शिक्षक आहे, कागल तालुका. आमची बाजू पण ऐका. पालक येतात, इंग्रजीत छापलेला कागद देतात, "सर याला अ‍ॅलर्जी आहे हं, लक्ष ठेवा". कशाचं लक्ष? वर्गात बेचाळीस पोरं, कुणाचा वाढदिवस असला की डब्यातनं चॉकलेट, कुणाची आई चिक्की देते. पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना तो इंग्रजी कागद दाखवून काय होणार. मावशींना विचारलं की म्हणतात, "दाणं नाही घातलं हो, कूट घातलंय". हा विनोद नाही, खरंच झालंय.

डॉक्टरांनी मराठीत अर्ध्या पानाचा कागद दिला, पोराचा फोटो लावून, तर तो मी स्वयंपाकघराच्या दारावर चिकटवीन. व्हॅनवाल्या काकांना पण एक. इंजेक्शन देणार का म्हणाल तर खरं सांगतो, भीती वाटते. एकदा कुणी हात धरून शिकवलं तर देईन.

---

जुना_खेळाडू_शिवाजीपेठ | ५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१२

वाचलं सगळं. दाण्याचं मागं घेतो. नातू आहे आम्हालाही. ते आवाज घोगरा होतो म्हणजे खोकल्यासारखं का कसं?

---

रंकाळावेस_वाली | ५ ऑगस्ट, रात्री १०:२०

काका, सर्दीत बसतो तसा नाही. कुणीतरी उशी तोंडावर धरून बोलल्यासारखा. एकदा ऐकला की विसरत नाही.

सगळ्यांचे आभार. आज पुण्याला फोन केला, रिसेप्शनवरच्या मुलीनं सात दिवस म्हटलं. डॉक्टर, तुम्ही लिहिलं नसतं तर मी आदल्या रात्री गाडीत उलटी नको म्हणून कायतरी पाजलंच असतं.

आणखी एक, धाकटीचं. तिला आता वरचं सुरू करायचंय. सासूबाई म्हणतात हिला दहा वर्षं शेंगदाणा दाखवायचा नाही. मलाही तेच बरं वाटतंय. बरोबर ना?

---

गडहिंग्लजचा_बालडॉक्टर | ६ ऑगस्ट, सकाळी ६:५०

बहुतेक उलटं आहे, आणि हे २२ तारखेला नक्की विचारा. इस्रायलमधली लेकरं लहानपणीच शेंगदाण्याचे कुरमुऱ्यासारखे पफ खातात आणि त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी इंग्लंडमधल्या ज्यू मुलांपेक्षा कितीतरी कमी दिसली. त्यावरनं लंडनमध्ये ६४० बाळांवर अभ्यास केला, २०१५ साली आला. ४ ते ११ महिन्यांची, एक्झिमा जास्त असलेली किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली बाळं. निम्म्यांना शेंगदाणा नियमित दिला, निम्म्यांना पाच वर्षांचे होईपर्यंत दिलाच नाही. ज्यांनी खाल्ला त्यांच्यात अ‍ॅलर्जी ८१ टक्क्यांनी कमी. आधी आम्हीही "तीन वर्षं देऊ नका" सांगत होतो, तो सल्ला आता गेला.

पण अख्खा दाणा पाच वर्षांच्या आत कुणालाच नको, घशात अडकतो. पातळ पेस्ट करून. आणि तुमच्या घरात थोरल्याला आहे, म्हणून पहिल्यांदा कुठं आणि कसं द्यायचं ते त्यांना ठरवू द्या.

---

रंकाळावेस_वाली | २५ ऑगस्ट, रात्री ९:५५

जाऊन आलो. मोठं लिहितो, चहा घेऊन वाचा.

पहाटे चारला निघालो, मी, नवरा, दोन पोरं आणि सासूबाई (गंगावेस ताई, तुमच्यामुळं त्यांना नेलं). डॉक्टरांनी थोरल्याच्या हातावर पेनानं आकडे घातले, प्रत्येक आकड्यापाशी एक थेंब, आणि थेंबावर बारीक टोचलं. रक्त नाही. पंधरा मिनिटं हात हलवायचा नाही. पोरगं म्हणालं मुंगी चावली, तीन नंबरची मुंगी जास्त चावली. तीन नंबर शेंगदाणा होता. तिथं वाटाण्याएवढी गांधी उठली, मोजली तर ९ मिलिमीटर. काजू, तीळ, बदाम सपाट. आणि काजू-तीळ तो आधी खातच होता, म्हणून म्हणाले बिनधास्त चालू ठेवा. म्हणजे पांढरा रस्सा राहिला! नवऱ्यानं तिथंच हात जोडले.

शेंगतेल विचारलं. घाण्याच्या तेलात प्रोटीन राहतं, ते घरातनं काढा म्हणाले. पाकिटावर कायद्यानं शेंगदाण्याची नोंद असते ती वाचा, पण मिठाईच्या दुकानात सुट्टं घेताना कुणाच्या शब्दावर जाऊ नका. दर वर्षी परत दाखवायचं, कारण पाचातल्या एखाद्याची ही अ‍ॅलर्जी जाते. गेली का ते घरी खाऊन बघायचं नाही, दवाखान्यात, त्यांच्यासमोर, थोडं थोडं वाढवत.

सासूबाईंनी स्वतः विचारलं, धाकटीला द्यायचं का. तिची कातडी बघितली, एक्झिमा नाही. तिथंच कोमट पाण्यात पातळ केलेली पेस्ट चमच्याच्या टोकावर चाटवली. दोन तास बसलो. काही झालं नाही, झोपली. सासूबाई मात्र दोन तास तिच्या ओठांकडं बघत बसल्या होत्या, पापणी लवली नाही.

जे मिळालं नाही तेही लिहितो. इंजेक्शनचा कागद इंग्रजीतच. रात्री शंका आली तर कुणाला फोन करायचा याचं उत्तर "जवळच्या हॉस्पिटलला जा". आणि बस्तान कोल्हापूरला असेल तर दर वर्षी २३० किलोमीटर. महिन्यातनं एकदा तरी असा डॉक्टर इकडं येऊन बसला तर किती जणांचं काम होईल.

कागद मी मराठी केला, त्यांना पाठवला, त्यांनी दोन दुरुस्त्या करून परत दिला. हा माझ्या पोराचा आहे, तुमच्या पोराचा तुमच्या डॉक्टरकडनं करून घ्या:

"नुसत्या गांध्या किंवा ओठाला थोडी सूज: सिरप द्या, एकटं सोडू नका, बघत राहा.
आवाज घोगरा, सारखा खोकला, घरघर, गिळता येईना, गळून पांढरा पडला, किंवा गांध्यांबरोबर उलट्या: वाट बघू नका. मांडीला बाहेरून इंजेक्शन. आडवं झोपवा, दम लागत असेल तर बसू द्या, उभं करून चालवू नका. १०८ लावा. पाच मिनिटांत फरक नाही तर दुसरं इंजेक्शन. बरं वाटलं तरी हॉस्पिटलला न्यायचंच, कारण काही तासांनी परत येऊ शकतं.
द्यावं का नको अशी शंका आली तर द्या."

इंजेक्शनची तालीम घरी चाललीय. नुसत्या पाण्याच्या अँप्युल आणल्या, मोसंब्यावर टोचतो. पहिल्या दिवशी अँप्युलची मान मोडताना बोट कापलं, आता रुमालात धरून मोडतो. हवा काढून त्याच्या वजनानुसार ०.१६ मिलीपर्यंत भरायचं, त्या बारीक रेषेवर डोळा ठरत नाही, म्हणून सासूबाईंनी चाळशी लावून स्वतः भरलं. काल त्यांचा वेळ पन्नास सेकंद, माझा सव्वा मिनिट.

---

शाळेतला_माणूस | २६ ऑगस्ट, सकाळी ८:०४

तो कागद पाठवा ताई. नाव-फोटो-वजनाची जागा कोरी ठेवून. आमच्याकडं दोन पोरं आहेत, पालकांना घेऊन डॉक्टरकडनं भरून आणायला लावतो. आणि मोसंबी मी आणतो, शिकवायला कोण येईल ते बघा.

---

गडहिंग्लजचा_बालडॉक्टर | २६ ऑगस्ट, दुपारी २:२०

शनिवारी दुपारनंतर मोकळा असतो. कागलला येईन.

---

बावड्याची_चिमणी | २६ ऑगस्ट, रात्री ८:३३

ताई एक घरगुती प्रश्न. मिक्सरचं भांडं वेगळं केलं का? आमच्याकडं त्यावरनंच भांडण झालं होतं.

---

रंकाळावेस_वाली | २६ ऑगस्ट, रात्री ९:१०

केलं की. जुनं कुटाचं भांडं घासून घासून ठेवलं तरी झाकणाच्या रबरात कूट निघत होतं, काडीनं काढलं तरी. शेवटी नणंदेला देऊन टाकलं. ती म्हणाली आता कोशिंबीर मीच करून खाते, तुम्ही आलात की नाही करणार.